लाल रेघ, निळी रेघ

थोरल्याचं शिक्षण सातवीपर्यंत. पण पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या बाबतीत त्याला शिकवणारा अजून जन्माला यायचा होता. हे तो स्वतःच सांगायचा, कारखान्यात येईल त्याला. अत्तराची बाटली असो की बुटांचा जोड, पुठ्ठा कुठे कापायचा नि कुठे दुमडायचा याचं रेखाटन तोच करणार. कापायची रेघ लाल, घडीची निळी; मशीन रंग बघूनच चालायचं. एकवीस वर्षांची चार हजार रेखाटनं त्याच्या टेबलाखालच्या कॉम्प्युटरमध्ये होती. ती गेली की कारखाना म्हणजे नुसती पत्र्याची शेड.

आणि पदवीवाला धाकटा भाऊ ती परक्याच्या हवाली करायला निघाला होता. त्याने इंटरनेटवर फायली साठवून ठेवणाऱ्या क्लाउड कंपनीचा माणूसच आणून बसवला. गळ्यात टाय, जिभेवर साखर.

"साहेब, फायली आमच्याकडे एकदम सुरक्षित. कुठूनही उघडा."

"आत जातात ते कळलं," थोरला म्हणाला. "बाहेर कशा येतात?"

"बाहेर कशाला काढायच्या?"

"तुमची कंपनी बुडाली तर? नाहीतर मला तुमचं तोंड बघवेनासं झालं तर? त्याला काही फार वेळ लागणार नाही."

"दादा, नीट बोल. आठ दिवस डोकं फोडून ही कंपनी निवडलीय मी."

"निवडलीस म्हणजे काय केलंस? जाहिरात वाचलीस."

थोरल्याची एक रीत होती. नवं मशीन घेताना तो विकणाऱ्यालाच ते खोलायला लावी, आणि परत जोडायलाही. इथेही त्याने तेच केलं. अत्तराच्या खोक्याचं सगळ्यात किचकट रेखाटन काढून दिलं. "हे आत टाका. आता परत द्या. मी तुम्हाला सोडून दुसरीकडे चाललोय असं समजा."

टायवाल्याने चार फोन केले, दोन ग्लास पाणी रिचवलं. पाऊण तासाने फाईल परत आली. सगळ्या रेघा काळ्या.

"चित्र तर तेच आहे, साहेब."

थोरल्याने ती फाईल तशीच कापायच्या मशीनला लावली. घडी पडायची तिथेही पातं फिरलं. खोक्याचे सतरा तुकडे झाले. ते गोळा करून त्याने टायवाल्याच्या बॅगेत कोंबले. "न्या. कुठूनही उघडा."

तो गेल्यावर धाकटा उभा राहिला. कान लाल झालेले.

"झालं समाधान? आता तुझं बघू. टेबलाखालच्या तुझ्या त्या डब्याची नक्कल कुठेय? नाहीच. पासवर्ड कुणाला ठाऊक? फक्त तुला. गेल्या वर्षी तू अकरा दिवस दवाखान्यात होतास, आपण अकरा दिवस हात चोळत बसलो. त्याच्याकडनं निदान तुकडे तरी आले, दादा. तुझ्याकडनं काय बाहेर येतं?"

मशीनवरचे कामगार खाली मान घालून पुठ्ठे मोजायला लागले. थोरल्याने धाकट्याकडे दुसऱ्या कंपन्यांचे नंबर मागितले. आणि हे त्या शेडमध्ये पहिल्यांदाच घडलं.

पुढच्या पंधरवड्यात त्याने आणखी तीन कंपन्यांची माणसं बोलावली आणि प्रत्येकापुढे तेच अत्तराचं खोकं टाकलं. दोघांच्या बॅगा तुकड्यांनी भरल्या. तिसऱ्याकडून लाल ती लाल आली, निळी ती निळी.

थोरल्याने पासवर्डाची चिठ्ठी धाकट्याच्या पुढ्यात भिरकावली. "त्याला बोलव. रेघा अशाच परत मिळतील हे करारात लिहून घे. आणि रोज एक नक्कल इथे, आपल्याकडे. काही चुकलं तर तुझं डोकं फोडीन."

"आणि नीट झालं तर?"

"तर कंपनी मी निवडलीय."