चादरीचा कोपरा

कुठल्याही खोलीत मुक्कामाला गेल्या की बाई आधी पलंगावरची चादर उपसून काढायच्या. मग ती पुन्हा अंथरायच्या, एका हाताने गादीचा कोपरा उचलून दुसऱ्या हाताने चादरीची तिरकी घडी आत सारायच्या, आणि तळहात फिरवून सगळ्या सुरकुत्या घालवायच्या. "सुरकुती राहिली की माणसाला बोचते," एवढंच म्हणायच्या. वाईच्या घाटावर शूटिंग असो की पाचगणीला भाड्याच्या बंगल्यात मुक्काम, हे ठरलेलं. हॉटेलातले नोकर बिचारे ओशाळायचे. आपलं काम बाईंना पसंत पडलं नाही, असं त्यांना वाटायचं.

तुम्ही त्यांना पडद्यावर पाहिलं असेल. डोळ्यांत पाणी आलं तरी चेहरा हसरा ठेवायची त्यांची ढब तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. मी त्यांना पडद्यामागे पाहिलं. त्या काळी थिएटरात मध्यंतराला चित्रपटाच्या गाण्यांची पुस्तिका विकायचे. ती पुस्तिका मी लिहायचो. गोष्ट ऐन रंगात आली की तिथेच तोडायची, बाकीची पडद्यावर बघा म्हणायचं, आणि शेवटच्या पानावर नायिकेचा परिचय द्यायचा.

गेल्या महिन्यात बाई गेल्या. सगळ्या वर्तमानपत्रांत त्यांचा परिचय आला: 'सुसंस्कृत शिक्षकाच्या घरी जन्म, बालपणीच आईवडिलांचे छत्र हरपले.' शब्द न् शब्द माझा होता, आणि त्यातलं काहीही खरं नव्हतं.

खरं असं, की बाप बाईंच्या जन्माआधीच निघून गेला होता. आई मिरजेच्या एका दवाखान्यात आया होती. सगळा वॉर्ड तिला मावशी म्हणायचा. घरी सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून मुलगी तिच्याबरोबर वॉर्डातच वाढली. खाटांखाली लपून खेळली, रोग्यांनी शिल्लक ठेवलेलं दूध-पाव खाऊन शाळेत गेली, आणि पाढ्यांच्या आधी चादर घालायला शिकली. पुढे सांगलीच्या एका नाटकमंडळीत मागे उभं राहून गायचं काम मिळालं. तिथे चित्रपट काढणाऱ्या आमच्या शेठनी तिला पाहिलं.

शेठना मुलगी आवडली, आई आवडली नाही. सोज्वळ सुनेचं काम करणाऱ्या नटीची आई बेडपॅन उचलते हे लोकांना कळलं तर चित्रपट पडेल, असं त्यांचं म्हणणं. मी तेव्हा पंचविशीतला, लेखणी चुरूचुरू चालायची. मी एका दुपारी आईला मारून टाकलं. बापालाही मारलं, आणि मारण्याआधी त्याला शिक्षक केलं. शेठनी पाठ थोपटली.

बाईंनी पुस्तिका वाचली. मग म्हणाल्या, "अहो लेखक, निदान आजारी तरी ठेवायचंत तिला."

मावशीला ते पान एका नर्सने वाचून दाखवलं. मावशी हसली म्हणे. "मी मेल्यालं छापलंय व्हय? बरं झालं. आता मरायचं भ्या न्हाई." चित्रपट मिरजेला लागला तेव्हा ती पुन्हा पुन्हा जाऊन बघायची. शेजारच्या बाया रडायला लागल्या की त्यांना सांगायची, "लय गुणाची पोरगी. हिची आई असाया पायजे हुती बघाया."

नाव झालं तशी बाईंना मिरज बंद झाली. गाडी दिसली की माणसं गोळा व्हायची. मग ड्यूटी सुटल्यावर मावशी स्टेशनामागच्या रस्त्याला यायची. पडदे लावलेल्या गाडीत मायलेकी भाकरी खायच्या. मी बाहेर झाडाखाली उभा राहून कुणी येत नाही ना ते बघायचो. आतून कधी कधी हसण्याचा आवाज यायचा. पडद्यावर बाई तशा कधी हसल्या नाहीत.

तिसरा चित्रपट चालला तेव्हा बाई मला म्हणाल्या, "आता खरं लिहा. आता लोक माझे आहेत." मी म्हणालो, हा एवढा चित्रपट उतरू द्या. पुढच्या वेळी पुन्हा तेच. दर वेळी एक नवा चित्रपट असायचाच, आणि दर वेळी मला तो त्यांच्या आईपेक्षा नाजूक वाटायचा.

मग मावशी आजारी पडली आणि ज्या वॉर्डात राबली त्याच वॉर्डात खाटेवर आली. बाई वाईला होत्या. म्हणाल्या, मला जायचंय. चित्रपट लागायला आठवडा राहिलेला, शेठ ऐकेनात. तेव्हा मी तोड काढली. कलावंतांनी रुग्णांना फळं वाटायची, बरोबर फोटोग्राफर न्यायचा. भेटही होईल, बातमीही होईल. खरं सांगतो, मला त्या कल्पनेचा अभिमान वाटला होता.

वॉर्डाच्या दारात हीऽ गर्दी. बाई एकेका खाटेशी थांबत फळं देत पुढे आल्या. मावशीची खाट खिडकीजवळ होती. आयुष्यभर त्या वॉर्डात वावरलेल्या नर्सना सगळं ठाऊक होतं. त्यातली एक भिंतीकडे तोंड करून औषधांच्या बाटल्या लावत राहिली.

मावशीने मोसंबं दोन्ही हातांत घेतलं. गर्दीकडे बघितलं, कॅमेऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि लेकीला म्हणाली, "लय चांगलं काम करता बाई तुमी. आमी समदी बघतो."

बाई खाटेपासून हलल्या नाहीत.

"जावा आता," मावशी हळूच म्हणाली. "फुडं मानसं थांबल्यात."

बाई वाकल्या. गादीचा कोपरा उचलला आणि सुटलेली चादर आत सारली. मावशीचा हात त्या हातावर आला आणि तिथेच राहिला. फोटोग्राफरने नेमका तेव्हा फोटो घेतला. फोटोखालची ओळ मी गाडीत बसूनच लिहिली: 'अनोळखी वृद्धेची सेवा करताना.'

चित्रपट साताऱ्याला लागला त्या दिवशी मावशी गेली. बाई स्टेजवर हार घेत होत्या. निरोप माझ्याकडे आला. मी तो खिशात ठेवल्यासारखा ठेवला आणि समारंभ संपल्यावर सांगितला. बाईंनी गळ्यातले हार काढून खुर्चीवर ठेवले. "शेवटी तिच्याखालची चादर कुणी घातली?" त्यांनी विचारलं. मला ठाऊक नव्हतं. खरं लिहा, असं त्या मला पुन्हा कधी म्हणाल्या नाहीत.

पुढे कामं कमी झाली, गर्दी पांगली, आणि बाई सांगलीला दोन खोल्यांत राहायला आल्या. आता त्या खुशाल मिरजेला जाऊ शकत होत्या, पण जायचं कुणाकडे? मी साताऱ्याहून अधूनमधून भेटायला जायचो. चहा मिळायचा, जुन्या माणसांच्या नकला ऐकायला मिळायच्या. आईचा विषय निघायचा नाही. गेल्या दिवाळीत मीच धीर करून विचारलं, आता लिहू का?

बाई मांडीवरची शाल सारखी करत राहिल्या. मग म्हणाल्या, "लिहा. पण माझं नाव नको. ते पुष्कळ छापून झालं. तिचं घाला."

मी खिशातलं पेन काढलं, पण काही लिहिलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ओळखलं.

"ठाऊकच नाही ना तुम्हाला, लेखक?"

नव्हतं. मी जिला मारलं तिचं नाव मी कधी विचारलं नव्हतं. मावशी म्हणत होतो, सगळे म्हणायचे तसं. बाईंनी ते सांगितलं, आणि मी विसरेन की काय म्हणून माझ्याकडून एकदा वदवून घेतलं.

बाई गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी तो वॉर्डातला फोटो पुन्हा छापून आला. खाली तीच ओळ होती. ती ओळ अशी हवी:

खाटेवर सगुणा, याच वॉर्डातली आया. चादर घालते आहे ती तिची मुलगी.