पाय भिजवायचं पाणी

लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा आमच्या भागात सगळ्यात आधी पोचली ती तपासणी. पाणी नाही. दुष्काळ पडलेला, आणि निलंग्याकडच्या ज्या गावात मी नर्स होते तिथं टँकर दिवसाआड यायचा.

माझ्याकडं कुष्ठरोगाच्या एक मावशी होत्या. औषधानं रोग थांबला होता, पण पाय कायमचे बधिर. अशा पायाला भेगा पडतात, भेगेची जखम होते आणि दुखत नाही म्हणून कळतही नाही. नियम असा की रोज अर्धा तास पाय पाण्यात बुडवायचे, घासायचे, ओलेपणीच तेल लावायचं. नियम खरा होता. पण घोटे बुडायला अर्धी घागर लागायची, आणि ते पाणी नंतर कुणी जनावरालाही पाजलं नसतं. सुनेनं तोंडावर विचारलं, मग लेकरांनी काय प्यायचं? तिचं काय चुकलं?

म्हणून मी फडकं सुरू केलं. जुन्या लुगड्याचा धुतलेला तुकडा, तांब्याभर उकळून गार केलेलं पाणी, पायाला गुंडाळायचं, वर प्लॅस्टिकची पिशवी, अर्ध्या तासानं तेल. चार महिन्यांत भेगा मिटल्या. मी मनातल्या मनात मिरवत होते.

मग वरून एक साहेब तपासणीला आले. दवाखान्याच्या भिंतीवर नियमाचं चित्र होतं, त्यात पाय बुडवायचा टप होता, मावशींच्या दारात नव्हता. तेवढ्यावरून त्यांनी मला गावासमोर झापलं आणि लेखी खुलासा मागितला. पाणी कुठून आणू, हे विचारलं तर घड्याळात बघितलं. आठवड्यानं जीपमधून टप आले, कोरे करकरीत. टँकरखाली लावायला बायकांना ते फार सोयीचे पडले.

माझी नोकरी अजून पक्की झाली नव्हती. मी मावशींना सांगितलं, फडकं बंद, साहेबांचा हुकूम आहे. हे लिहितानाही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्या बरं म्हणाल्या. उन्हाळा संपेपर्यंत टाचेची भेग पुन्हा उघडून हाडापर्यंत गेली आणि पाय घोट्यावरून काढावा लागला. भेटायला गेले तेव्हा शिव्या ऐकायची तयारी ठेवली होती. मावशींनी मला खाटेवर बसवून घेतलं.

"बाई, घरात गुपचूप गुंडाळलं असतं मी," त्या म्हणाल्या. "साहेबाला काय दिसलं नसतं. पर म्हणलं, कुणी सांगितलं तर तुमची नोकरी जाईल."