अंघोळीच्या पाण्यावरची जुई

आईनं सांगलीहून, माहेरच्या परसातून, जुईची फांदी आणली आणि साताऱ्याच्या आमच्या घरी न्हाणीमागं लावली. माहेरी त्याच जुईची फुलं ओचा भरून निघायची. इथं वेल वाढला, मांडवावर गेला, तिथून कौलांवर गेला, शेजाऱ्यांच्या कौलांवरही जाऊन आला. फूल म्हणाल तर एक नाही. आईला आपल्या दारच्या जुईची वेणी माळायची होती. तिनं तोंडानं मागितलेली एवढी एकच गोष्ट मला आठवते.

वडील शाळामास्तर. वेलापुढं हार मानणं त्यांना शोभणारं नव्हतं. त्यांनी त्याला ताक घातलं, तांदळाचं धुवण घातलं, लेंडीखत घातलं. वेल जावयासारखा सगळं खाऊन गप्प राहिला. दूध घालायला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "आवं, लय माजलाय त्यो. कोयता दावा, मंग बगा." रीत अशी, की एकानं कोयता उगारायचा आणि दुसऱ्यानं मध्ये पडून म्हणायचं, नका तोडू, पुढच्या वर्षी फुलेल. वडिलांनी कोयता उगारला. मध्ये पडायचं काम आईचं होतं. पण चुलीवर दूध उतू चाललेलं, ती आलीच नाही. बराच वेळ हात वर धरून शेवटी वडिलांनी स्वतःच वेलासाठी रदबदली केली आणि कोयता कोनाड्यात ठेवला.

वडिलांची अंघोळ मोठी असे. बंब रिकामा झाल्याशिवाय ती संपत नसे, आणि ते सगळं पाणी मोरीतून थेट जुईच्या आळ्यात जाई. त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटलं नाही. झाडाला पाणी घालणं हे पुण्याचंच काम.

पौषात वडिलांना विषमज्वर झाला. ताप हटेना. डॉक्टर येत, नाडी बघत आणि आईशी नजर न मिळवता जात. वडिलांची अंघोळ बंद. आम्हीही तांब्याभर पाण्यात उरकत होतो. जुईची पानं गळाली, पण तिकडं बघायला सवड कुणाला? वडील जाणार, असं मला वाटत होतं. मी फार भ्यायले होते.

फाल्गुनात ताप उतरला आणि त्याच सुमाराला वेलाला कळ्या दिसल्या. चैत्रात मांडव पांढरा झाला. आईनं ओंजळभर फुलं खाटेपाशी नेली. वडिलांनी वास घेतला, आढ्याकडं बघत विचार केला.

"माझी अंघोळ बंद झाली म्हणून हा फुलला," ते म्हणाले. "पाणी तुटलं त्याचं. आता मी उठलो की तिकडं विहिरीपाशी अंघोळ करीन. तुझी जुई फुलू दे."

आईनं ती फुलं देवापुढं ठेवली, माळली नाहीत.

डॉक्टरांनी अंघोळीची परवानगी दिली त्या सकाळी तिनं बंब पेटवला. वडील खांद्यावर पंचा टाकून विहिरीकडं निघाले होते.

"इथंच करा," ती म्हणाली. "आणि पाणी नेहमीएवढं घ्या."

वेल पुन्हा कौलांवर गेला. त्याला नंतर फूल आलं नाही. आई बाजारातून वेणी आणायची. वडील त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले, आणि रोज सकाळी त्यांची अंघोळ आटोपली की आई मागच्या दारी जाऊन जुईचं आळं भरलंय ना, तेवढं बघून यायची.