केसपेपरमधलं सतरावं पान

अमावस्येला रस्त्यात उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं की मी त्यावरून खुशाल स्कूटी घालते. भुतंखेतं, भास, संकेत... असल्या गप्पा निघाल्या की उठून जाणारी मी. तरीही हे लिहितेय. दोन वर्षं झाली, घरात कुणालाच सांगितलेलं नाही.

हिंगोलीत एका खाजगी दवाखान्यात मी रेकॉर्डचं काम करते. केसपेपर स्कॅन करायचे आणि डॉक्टरांनी जो आजार लिहिलाय त्याचा ठरलेला कोड कॉम्प्युटरमध्ये टाकायचा. फुफ्फुसाच्या टीबीला ए-सोळा, फुफ्फुसात बुरशी वाढली तर बी-चव्वेचाळीस. नियम एकच — डॉक्टरांनी लिहिलंय तेच टाकायचं, आपलं डोकं चालवायचं नाही.

साखरा गावची चंद्रकला आमच्याकडे ॲडमिट झाली. तिशीची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. पूर्वी टीबी होऊन बरा झालेला, आता परत खोकल्यातून रक्त. आमच्या डॉक्टर सरांनी एक्स-रे बघून लिहिलं — टीबी, उलटलेला. थुंकी तपासायला नांदेडला पाठवली आणि रिपोर्टची वाट न बघता गोळ्या सुरू केल्या.

सासूनं त्याच दिवशी तिचं ताट-तांब्या वेगळं केलं. चंद्रकलाला दोन वर्षांची पोरगी होती. नवरा, मारोती, तिला कडेवर घेऊन वॉर्डच्या दारात उभा राहायचा. पोरगी आईकडं झेपावली की सासू दंडाला धरून मागं ओढायची.

तिसऱ्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, मी तिचा केसपेपर स्कॅन करत होते. पानं सोळा हवी होती, निघाली सतरा. सतराव्यावर सरांचं अक्षर, खाली सरांची सही. मृत्यूची नोंद होती ती... वेळ दुपारी चार वाजून दहा मिनिटं. तारीख आठ दिवस पुढची! 'रक्तस्राव' हा शब्द चुकलेला, खोडून परत लिहिलेला. आणि कारण — फुफ्फुसातली बुरशी.

मी तशीच वॉर्डात गेले. चंद्रकला कॉटवर बसून भाकरी कुस्करत होती.

"रिपोर्ट आला का ताई?" तिनं विचारलं. "टीबी न्हाई म्हणून लिवून द्या की. पोरीला हात लावू देईनात."

मी मागं फिरले. पान घेऊन सरांकडे गेले. त्यांनी वाचलं. क्षणभर चेहरा उतरला, मग सगळ्या सिस्टरांसमोर ओरडले, "माझ्यासारखं अक्षर काढून राहिलीस? कोड टाकणारी बाई डॉक्टर झाली काय?" पान टराटरा फाडलं. "स्कॅन पण उडव. माझ्यासमोर."

मी उडवला. माझ्याच हातानं.

त्यानंतर आठ दिवस होते. नांदेड काही लांब नाही. "दुसरीकडं दाखवा," एवढंच मारोतीला म्हणायचं होतं. एकदा तर त्यानंच गाठलं मला.

"ताई, बराबर चालू हाय ना समदं?"

"सर बघून राहिले ना," मी म्हणाले आणि पुढं गेले. नोकरी जायची भीती होती, हे खरं. पण त्याहून जास्त... परत हसं होऊ नये, एवढंच वाटत होतं मला.

आठव्या दिवशी जेवणानंतर मी कामाचं निमित्त काढून वॉर्डातच थांबले. चारच्या आधी तिला उबळ आली. रक्त थांबेना. तोंडावर मास्क असताना ती हात करत होती, पोरीला आणा म्हणून. सासूनं पोरीला उचललं आणि सरळ गेटबाहेर नेलं.

चार वाजून दहा मिनिटांनी सगळं संपलं.

सरांनी माझ्यासमोर नोंद लिहिली. तीच वाक्यं, त्याच क्रमानं. 'रक्तस्राव' तिथंच चुकला, तसाच खोडला. कारणाच्या रकान्यापाशी मात्र पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि लिहिलं — टीबी.

"कोड टाक," म्हणाले.

मी ए-सोळा टाकला.

दोन दिवसांनी नांदेडचा रिपोर्ट आला. टीबीचे जंतू नाहीत. बुरशी आहे. माणसाकडून माणसाला लागत नाही ती. तिच्यावर औषधही असतं. मी रिपोर्ट सरांपुढं ठेवला. "केस बंद झाली," एवढंच बोलून त्यांनी पुढचा पेशंट आत बोलावला. मी रिपोर्ट फाईलला लावला.

ते पान कुणी लिहिलं, माझ्या गठ्ठ्यात कसं आलं, आणि सरांना ठाऊक नसलेलं कारण त्यावर कसं... खूप डोकं फोडलं. उत्तर नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर सांगा. पण खरं सांगायचं तर आता त्या पानाची भीती नाही वाटत. मारोती आठवतो.

तिच्या मृत्यूचा कागद न्यायला आला होता. पोरगी खांद्यावर झोपलेली.

"आईनं तिचं अंथरून, लुगडी समदी जाळली," तो म्हणाला. "पोरगी लई रडून राहिली. पण जवळ जाऊ दिलं न्हाई ते बरंच झालं म्हणायचं. टीबीच व्हता ना, ताई?"

रिपोर्ट माझ्या हाताखालच्या फाईलमध्येच होता.

"व्हय," मी म्हणाले. "टीबीच."