दस्त्याचं माप

शस्त्र परवान्याच्या अर्जात एक रकाना असतो. शस्त्र कोणत्या कारणासाठी हवे आहे, असं त्यात विचारलेलं असतं आणि उत्तरासाठी बोटभर जागा सोडलेली असते. त्या बोटभर जागेवरून आमच्या घरात कितीतरी वर्षं रुसवेफुगवे झाले. आता आप्पा नाहीत, आई नाही, आणि तोच रकाना आता माझ्या अर्जात कोरा पडलाय.

आप्पा म्हणजे माझे वडील. सांगोल्याकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातले. लहानपणी हातात काठी होती, ती सोडून लष्करात गेले आणि रायफल हातात आली. सतरा वर्षं ती त्यांच्याजवळ राहिली. हवालदार म्हणून पेन्शनवर आले, होटगीला स्टेशनच्या पलीकडं जागा घेऊन दोन खोल्या बांधल्या आणि अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यावर वॉचमन म्हणून लागले. कारखान्यानं त्यांना खाकी शर्ट, शिट्टी आणि एक काठी दिली. पहिल्या दिवशी घरी आल्यावर ती काठी दाराआड उभी करून ते आईला म्हणाले, "फिरून काठीच आली की गं हातात." हसत म्हणाले, पण त्या दिवशी जेवण नेहमीपेक्षा कमी जेवले.

त्यांची एक खोड होती. चालताना उजव्या हाताचा अंगठा खांद्यापाशी अडकवून चालायचे, जणू खांद्यावरून पट्टा गेलाय आणि तो सरकू नये म्हणून धरलाय. बाजारातनं येताना भाजीची पिशवी डाव्या हातात आणि उजवा अंगठा खांद्यावर. मला लाज वाटायची. मी तेव्हा सोलापुरात एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवायला नुकतीच लागले होते, आणि आपले वडील रस्त्यानं नसलेली बंदूक घेऊन चालतात हे सहकारी बायकांना दिसू नये असं मला वाटे.

शहरात बंदुकांचं एक जुनं दुकान होतं. पगाराच्या आठवड्यातल्या रविवारी आप्पा तिथं जायचे, आणि एकदा मलाही घेऊन गेले. दुकानदार म्हातारा, दखनी बोलणारा. आप्पांना पाहताच खुर्ची पुढं सरकवून म्हणाला, "आओ सुभेदारसाब." आप्पा हवालदार होते. दुकानदारानं त्यांना परस्पर बढती दिली होती आणि आप्पांनी ती कधी नाकारली नाही.

काचेच्या कपाटात डावीकडून तिसरी, थ्री फिफ्टीन बोअरची एक लांब, जडशी रायफल होती. दुकानदारानं ती उघडून, आत काही नाही हे दाखवून आप्पांच्या हातात दिली. आप्पांनी हात कोपरात वाकवला, खांद्याला टेकणाऱ्या लाकडी दस्त्याचा मागचा भाग कोपराच्या खोबणीत टेकवला आणि बोट पुढं नेलं. बोटाचं पहिलं पेर चापावर आलं.

"हे माप असतं बग," ते मला म्हणाले. "दस्ता लांब झाला की बोट पोचत न्हाय, आखूड झाला की नाक फुटतं. कुनाची बी रायफल कुनाला हुत न्हाय."

मग त्यांनी ती खांद्याला लावली, गाल टेकवला आणि डोळे मिटले. नेम धरताना माणूस डोळा उघडा ठेवतो एवढं मलाही कळत होतं. आप्पा नेम धरत नव्हते. माझ्याकडं किंवा आईकडं पाहताना त्यांचा चेहरा असा झालेला मी कधी पाहिला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला त्या लाकूड-लोखंडाचा हेवा वाटला. आई अक्कलकोटकडची. ती चिडली की कानडीत सुरू व्हायची आणि रायफलीला सरळ सवत म्हणायची. तिचं काही चुकत नव्हतं.

परत येताना बसमध्ये आप्पांनी विचारलं, "तू पोरास्नी हक्क शिकवतीस न्हवं? त्येच्यात हे कुटं बसतं का बग की."

मी म्हटलं, "कुठंच बसत नाही. आपल्याकडं शस्त्र बाळगणं हा हक्क नाही, परवानगी आहे. सरकारला वाटलं तर मिळते."

"माज्या बटालियनमदला एक जन पोराकडं अमेरिकेला जाऊन आला. तितं म्हनं हक्क हाय. दुकानात जायाचं, निवडायची, घेऊन यायाचं."

"आणि तिथं शाळांमध्ये काय होतं तेही सांगितलं का त्यांनी?"

आप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सतरा वर्सं सरकारनं सोता हातात दिली. तवा कुनी इचारलं न्हाय, कशाला पायजे म्हनून."

कायदा बरोबर आहे असं मला तेव्हाही वाटत होतं, आताही वाटतं. ज्याला हवी त्याला बंदूक मिळाली असती तर गावातल्या पाण्याच्या भांडणात किती माणसं उरली असती देव जाणे. पण कायदा बरोबर असूनही माझा बाप त्या काचेसमोर तिष्ठत उभा होता, हेही खरंच होतं.

पहिला अर्ज त्यांनी स्वतः भरला. चौकशीला पोलीस ठाण्याचे हवालदार घरी आले. एक लष्करातला हवालदार, एक पोलिसातला, दोघं समोरासमोर बसून चहा प्याले. पोलीस भला माणूस होता. त्यानं कागद काढून विचारलं, "तुमच्या जिवाला कुनापास्नं धोका हाय का?"

आप्पा ताठ झाले. "मला? न्हाय. मी कुनाला भ्यात न्हाय."

"तसं न्हवं आप्पा. धोका हाय असं सांगाया लागतं, मगच पुढं जातं."

"न्हाय ते कसं हाय म्हनू?"

पोलिसानं माझ्याकडं पाहिलं, मी आईकडं पाहिलं, आईनं कानडीत काहीतरी पुटपुटून आत जाणं पसंत केलं. सतरा वर्षं सीमेवर काढलेल्या माणसाला, होटगीच्या पोलिसासमोर बसून, मला भीती वाटते असं म्हणायला लावणं म्हणजे सगळ्यांसमोर त्याची वर्दी उतरवण्यासारखंच होतं. अर्ज नामंजूर झाला. कारण सबळ नाही, असा शेरा आला.

दुसऱ्या वेळी मी शहाणपणा केला. अर्ज मी भरते म्हणाले आणि त्या रकान्यात माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: वस्तीपासून दूर घर, परिसरात चोऱ्या, अर्जदार जीविताच्या भीतीने ग्रस्त. माझ्या अक्षरावर आप्पांचा इतका विश्वास की न वाचता सही केली. तेच पोलीस पुन्हा आले. या वेळी ते खूश होते. त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. 'भीतीने ग्रस्त' आलं तेव्हा आप्पांच्या हातातली बशी थांबली.

"सही माजी हाय," ते म्हणाले. "बोलनं माजं न्हाय. अर्ज माघारी घेतो."

त्यानंतर आठ-दहा दिवस त्यांनी माझ्या हातचा चहा घेतला नाही. स्वतः करून घ्यायचे आणि माझ्यासाठी एक कप झाकून ठेवायचे. ते झाकण काढताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. बापाला खोटं बोलायला लावलं म्हणून नव्हे. आपण त्याला ओळखलंच नाही, म्हणून.

मग आई गेली. थोड्या दिवसांच्या तापानं गेली. घरात आम्ही दोघंच उरलो. माझं लग्न झालेलं नव्हतं आणि आता ते होण्यातलंही नव्हतं. आप्पा संध्याकाळी पायरीवर बसून असायचे. मी शाळेतून यायची त्या वाटेकडं बघत. आधी कधी असे बसत नव्हते. जरा उशीर झाला की फाटकापर्यंत येऊन उभे राहायचे, आणि मी दिसले की काहीतरी काम असल्यासारखं वळून आत जायचे. मी आपली समजूत करून घेतली की आई गेल्यानं त्यांना करमत नाही.

एक दिवस घरी आले तर ओट्यावर चपला दिसल्या. आत तेच पोलीस बसलेले, आता केस पांढरे झालेले. आप्पांनी मला न सांगता तिसरा अर्ज दिला होता. मी चहा घेऊन आले तेव्हा पोलीस सवयीनं विचारत होते, "तर आप्पा, कुनापास्नं धोका हाय का?" विचारताना ते गालात हसतही होते, कारण उत्तर त्यांना पाठ होतं.

आप्पांनी मान खाली घातली. "हाय," ते म्हणाले.

पोलीस हसायचे थांबले.

"माज्या मागं ही एकटी हाय. लई भ्या वाटतं. लिवा."

मी ट्रे धरून तिथंच उभी राहिले. एवढ्या वर्षांत जो शब्द त्यांच्या तोंडून सरकारला काढता आला नव्हता, त्यांना फसवून मलाही वदवता आला नव्हता, तो त्यांनी माझ्यासाठी उच्चारला होता, तोही परक्या माणसासमोर, मान खाली घालून. मला रडू आलं. ते लपवायला मी साखर आणायला म्हणून आत गेले आणि साखर ट्रेमध्येच होती.

परवाना आला. आम्ही दुकानात गेलो. म्हातारा दुकानदार आता नीट चालू शकत नव्हता, पण डावीकडची तिसरी त्यानं स्वतः उठून काढली. इतकी वर्षं ती विकली गेली नव्हती, की त्यानंच विकली नव्हती, मला माहीत नाही. आप्पांनी ती हातात घेतली, कोपरात माप धरलं, बोट नेमकं चापावर आलं. एकदा खांद्याला लावली, गाल टेकवला. मग ती खाली घेऊन दुकानदाराकडं परत दिली.

"ही नगं. हिच्या मापाची दावा."

"सुभेदारसाब, परवाना तुमचा हाय ना?"

"परवाना माजाच हाय. तुमी हिच्या मापाची दावा की."

त्यांनी माझा हात धरून कोपरात वाकवला. एकामागून एक रायफली माझ्या कोपराच्या खोबणीत टेकवून पाहिल्या. ही लांब, ही जड, हिच्यावर बोट पुढं जातंय. शाळेतल्या बाईला दुकानात असं उभं राहून कसंनुसं होत होतं आणि हे कधी संपूच नये असंही वाटत होतं. माझी आठवण पोहोचते तिथपर्यंत आप्पांनी माझ्या फ्रॉकचं, चपलेचं, कशाचंच माप कधी घेतलेलं नव्हतं. ती सगळी कामं आईची. शेवटी आखूड दस्त्याची, हलकी, दिसायला अगदी साधी अशी एक निघाली. माझं बोट बरोबर चापावर आलं. आप्पा म्हणाले, "हीच." डावीकडच्या तिसरीकडं त्यांनी वळून पाहिलं नाही. मी पाहिलं.

ती रायफल आप्पांना होत नव्हती. दस्ता त्यांना आखूड पडे. वर्षभर ते रविवारी तिला तेल देत, पुसत आणि कपाटात ठेवून कुलूप लावत. खांद्याला कधी लावली नाही. खंडेनवमीला तिला झेंडूची माळ घातली. पुढच्या वर्षी नेमकी निवडणूक आली आणि नियमाप्रमाणे सगळ्यांची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा झाली. आप्पांनी पाटावर जमा केल्याची पावती ठेवली आणि तिच्यावर हळद-कुंकू वाहिलं. मी हसून म्हटलं, "आप्पा, कागदाची पूजा?" ते म्हणाले, "कागद बी तिचाच हाय की."

गेल्या उन्हाळ्यात आप्पा गेले. दुपारी पायरीवर बसल्या बसल्या गेले. नियमाप्रमाणे रायफल ठाण्यात जमा केली, पावती घेतली. वारसानं मुदतीत अर्ज केला तर विचार होईल, नाहीतर ती सरकारजमा होईल, असं तिथल्या कारकुनानं सांगितलं. या वर्षीच्या खंडेनवमीला मी पाटावर पावती ठेवली. हळद-कुंकू वाहताना हात थांबला. हसायला समोर कोणी नव्हतं.

अर्ज भरला. तो रकाना कोरा ठेवला, चौकशीला येतील तेव्हा सांगेन म्हणून. काय सांगायचं ते ठरवून ठेवलं होतं. एकटी बाई, वस्तीपासून दूर घर, जिवाला धोका. या वेळी त्यात फारसं खोटंही नव्हतं.

परवा चौकशीला एक तरुण पोलीस आला. आप्पांचे ते हवालदार निवृत्त झालेत. त्यानं मोबाईल बाजूला ठेवून कागद काढला आणि विचारलं, "मॅडम, तुम्हाला कोणापासून धोका आहे का?"

मी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं, "न्हाय."

शाळेत इतकी वर्षं शुद्ध बोलून बोलून मी तो शब्द विसरले असेन असं मला वाटलं होतं.

तो गोंधळला. "मग कशाला पाहिजे तुम्हाला?"

मला रडू येत होतं, पण आवाज बरा निघाला. मी म्हटलं, "ती माझ्या मापाची आहे."

त्यानं पेन उचललं, थोडा वेळ तसंच धरलं. ते त्या रकान्यात लिहिता येण्यासारखं नाही, हे त्याला आणि मलाही कळत होतं. चहा घेऊन तो गेला. निर्णय अजून आलेला नाही, आणि काय येईल याचा मला अंदाज आहे.

संध्याकाळी शाळेतून आले की फाटक मी स्वतःच उघडते आणि पायरीवर जरा वेळ बसते. कोणी बघत नाही ना, हे पाहून उजवा हात कोपरात वाकवते आणि बोट पुढं नेते. हातात काहीच नसतं. तरी बोट नेमकं जिथं थांबायचं तिथंच थांबतं.