मिठागरात पडलेलं पीस

भुताखेतांचं कोणी सांगू लागलं की मी आजही उठून चहा टाकायला जातो. अशा गोष्टींवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आताही नाही. म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली... पण जे घडलं ते घडलं, आणि ते भर दिवसा घडलं.

एकोणीसशे पन्नास ते पंचावन्नच्या मधला उन्हाळा. मी ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या एका शाळेत लॅब असिस्टंट होतो — वय वीस, आणि फिजिक्स म्हणजे देव! राहायला डोंबिवलीला, दत्तूमामाकडे. मामा लढाईच्या काळात मिलिटरीच्या स्टोअरमध्ये होता, दोन वर्षं इजिप्तमध्ये काढून आलेला. आता कोपरच्या खाडीकडच्या एका मिठागराच्या कचेरीत कामाला होता.

एका दुपारी त्या मिठागरात आभाळातून काहीतरी पडलं. लख्ख उन्हात निळी रेघ दिसली आणि 'चुर्र' असा आवाज झाला, तापल्या तव्यावर पाणी पडावं तसा. मीठ ओढणाऱ्या बायका ओरडत पळाल्या. एकटी भागीमावशी थांबली. पन्नाशीची आगरी बाई, उन्हानं रापलेली, कमी बोलणारी. ती वाफ्यात उतरली. मीठ वितळून काचेसारखी चौकोनी खळी पडलेली, खाली निमुळती होत गेलेली. तळाशी ती आभाळातून पडलेली वस्तू. तिनं ती पदरात घेतली आणि मामाला नेऊन दिली. मामानं मला दिली — "तू सायन्सवाला ना? सांग काय आहे."

काय सांगणार? बोटभर लांब, हुबेहूब पिसासारखी, काळसर निळी. चुंबक लागेना. कानशीनं ओरखडा उठेना. बर्नरवर धरली तरी गारच! भिंगाखाली पाहिलं तर पिसाच्या प्रत्येक तंतूला आणखी बारीक तंतू, आणि त्यांनाही... मी तासभर श्वास रोखून बघत राहिलो. इतकं सुंदर काही मी तोवर हातात धरलं नव्हतं.

काचेच्या पेटीतल्या तराजूवर वजन केलं. चार ग्रॅम. दुसऱ्या दिवशी केलं तर एकवीस! तराजू तपासला, ठीक होता. संध्याकाळी लॅबमध्ये बघायला आलेल्या मामानं स्वतःच्या हातानं पीस पारड्यात ठेवलं — पाच. मधल्या रात्रीत एवढंच झालं होतं की मी मनाशी एक ठरवलं होतं. ही वस्तू मलाच सापडली असं सायन्सच्या एका मासिकाला कळवायचं. नाव होईल.

मामा मात्र तराजूकडेच बघत होता. मग म्हणाला, "कैरोच्या म्युझियममध्ये एक चित्र पाहिलेलं रे. एका पारड्यात मेलेल्या माणसाचं काळीज, दुसऱ्यात पीस. सत्याच्या देवीचं. काळीज जड भरलं की माणूस संपला."

"मामा, हे आभाळातून पडलंय. इजिप्तमधून नाही."

"मग त्यांच्याकडे तरी कुठून आलं असेल?"

मी पीस उचलून खिशात टाकलं.

रविवारी सकाळी शाळा बंद होती. मी लॅबमध्ये होतो, पीस शर्टाच्या खिशात. मामा भागीमावशीला घेऊन आला आणि खाली चहा सांगायला गेला. ती दारातच उभी राहिली.

"बाला, तो पीस दे मना. बाया माझ्यासंगं पानी भरीत नाय. बोलतान, भागीनं अवदसा आनली. त्यांच्यासमोर खाडीत टाकतंय, मंग सुटंल."

"मावशी, ते मी फेकून दिलं," मी म्हणालो. "साधा दगड होता."

खिशाची शिवण टर्रकन उसवली. पीस खाली पडलं आणि शहाबादी फरशीला तडा गेला! मी वाकून उचलायला गेलो. एका हातानं, मग दोन्ही हातांनी. जागचं हलेना. घामानं निथळलो.

मावशी रागावली नाही. "दगरच हाय ना र?" एवढंच म्हणाली आणि उकिडवी बसली. पण हात पुढे केला आणि थांबली.

"मी पन खोटं बोललंय," ती हळूच म्हणाली. "बायांना सांगितला, मी हात नाय लावला, तुजे मामानं उचलला. भ्यालंय ना. उद्या जाऊन खरं सांगतंय."

आणि तिनं ते दोन बोटांनी उचललं. तराजूत ठेवलं... काटा हलला नाही. शून्य!

माझा बांध फुटला. मासिक, नाव, सगळं तिला सांगून टाकलं. तिनं पीस माझ्या तळहातावर ठेवलं. हातावर काही आहे असं वाटेचना. मामा चहाचे ग्लास घेऊन दारात कधीचा उभा होता, कोणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून मिठागरात गेलो. दुपारच्या भाकरीला सगळ्या बायका जमल्या होत्या. भागीमावशी मधोमध उभी राहिली.

"मीच उचलला. तुमाला खोटं बोललंय."

मी परत दिलेलं पीस तिच्या मुठीत होतं. तिनं मूठ उघडली. वारा खाडीकडून गावाकडे वाहत होता, आमचे कपडे फडफडत होते. पीस हळूच हातावरून सुटलं आणि वाऱ्याच्या उलट, खाडीकडे, वर, आणखी वर गेलं. उन्हात निळं चमकत होतं. मान दुखेपर्यंत आम्ही बघत होतो. कोणी घाबरलं नाही. मामाच्या डोळ्यांत पाणी होतं.

सगळ्यांत जास्त बोल लावणारी एक म्हातारी होती. ती उठली, आपला पाण्याचा तांब्या भागीमावशीपुढे धरून म्हणाली, "भागे, उन्हात उबी हायस कवाची. पानी पी."

पुढे मी तीसेक वर्षं मुलांना त्याच लॅबमध्ये वजनं करायला शिकवली. प्रोफेसर मित्रांना हे सांगितलं की ते उल्का म्हणतात, भास म्हणतात, उन्हाचा त्रास म्हणतात. मी वाद घालत नाही, कारण माझ्याकडेही उत्तर नाही. ते काय होतं, कुणी घडवलं, मिठागरातच का पडलं — काहीच माहीत नाही. फक्त कधी दुपारी आभाळ असं स्वच्छ निळं असलं की मी गॅलरीत जाऊन उभा राहतो. भीती वाटत नाही. आणखी एकदा दिसावं, एवढंच वाटतं.