चौथ्या खेपेला

मेसवाल्या मावशी रोज दुपारी आपला डावा हात मेल्यासारखा करून घ्यायच्या. डबे गेले, भांडी पालथी पडली, की त्या पत्र्याच्या शेडच्या दारात बसायच्या. परकराचा जुना नाडा दंडाला गुंडाळून, एक टोक दातात धरून करकचून आवळायच्या आणि हात मांडीवर उताणा टाकून त्याच्याकडे बघत राहायच्या. बोटं पांढरी पडायची, मग निळसर व्हायची. थोड्या वेळाने नाडा सैल करायच्या, रंग परतला की पुन्हा आवळायच्या. असं चार वेळा. मग हात झटकून संध्याकाळची कणीक मळायला घ्यायच्या.

मी कंधारहून लातूरला डॉक्टर व्हायला आले होते. आमच्याकडच्या हुशार समजल्या जाणाऱ्या प्रत्येक पोरीला त्या काळी लातूरच्या क्लासला धाडत, आणि तिथे पोचल्यावर कळे की आपल्यासारख्या हुशार गल्लीगल्लीत आहेत. मावशींच्या मेसमध्ये आम्ही तीसेक जणी जेवायचो. कुणाची टेस्ट बिघडली हे त्यांना चेहऱ्यावरून समजायचं आणि तिच्या पोळीवर जरा जास्त तूप पडायचं. बोलणं मात्र तिखट. एकदा मला विचारलं, "आज काय शिकवलं गं क्लासात?" मी ऐटीत म्हटलं, "मेंदू." "मंग तुझा कुठं ठिवून आलीस? डबा इसरलीस की क्लासात!" सगळ्या पोरी हसल्या आणि मी पाय आपटत डबा आणायला गेले.

मावशी स्लॅबखाली बसत नसत. घरमालकाने पक्क्या खोलीत स्वयंपाकघर देऊ केलं होतं, तर म्हणाल्या, "वर पत्रा हाय तेच बरं. पडला तर उचलता येतो." त्या भूकंपातल्या गावच्या होत्या, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. लातुरात अशी माणसं पुष्कळ होती. पण कुणी जवळ जाऊन विचारत नसे.

त्या हाताचं मला भय वाटायचं. दुपारच्या लख्ख उन्हात, वारा पडलेला असताना, दारात बसलेली बाई आणि तिच्या मांडीवर दुसऱ्याच कुणाचा असावा तसा तो हात. एके दिवशी राहवेना. रक्तपुरवठा, पेशी, गँग्रीन असं नुकतंच घोकलं होतं आणि ते सगळं माझ्या तोंडाशी आलं. "मावशी, हात कापावा लागेल तुमचा!" असं ओरडत मी भाजीची कात्री घेतली आणि नाडा कापून टाकला. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या उंबऱ्यापलीकडे कुणाला तरी परत जाताना बघावं तसं बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "तिसरीच खेप व्हती गं. ती वाटंवर व्हती."

त्या दिवशी त्यांनी मला सांगितलं. घर कोसळलं तेव्हा त्या आणि त्यांची नऊ वर्षांची रेखा दगडामातीच्या ढिगाखाली होत्या. मधे भिंत आडवी. एका फटीतून मावशींचा डावा हात पलीकडे गेला आणि रेखाने तो धरला. मावशींच्या दंडावर तुळई. "पोरगी बोलत व्हती, मंग बोलायची थांबली. पर हात धरून व्हती. तवर माझाच हात बधिर झाला. आमाला काढलं तवा दोघींचे हात सुटलेले. आता सांग, आदी कुनी सोडला? तिनं का मी?"

एवढा अभ्यास करूनही मला यातलं काही येत नव्हतं.

"पयल्या खेपेला मुंग्या येत्यात," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या खेपेला गार लागतं. तिसऱ्याला हात माझा राहत न्हाई. चौथ्याला ती धरती. मी वाट बघते, कोन सोडतंय आदी. पर कनीक मळायची अस्ती, तुमी पोरी उपाशी येताव. मंग नाडा मलाच सोडावा लागतो. कळतच न्हाई."

त्यानंतर मी दुपारची त्या दारातून गेले नाही.

पुढे मी डॉक्टर झाले आणि नांदेडला एका दवाखान्यात मेंदूविकाराच्या विभागात लागले. मावशी मेस बंद करून मुदखेडला भाच्याकडे राहायला गेल्याचं ऐकलं होतं. एका सकाळी तोच भाचा त्यांना घेऊन आला. उजवा हात, उजवा पाय लुळा, वाचा गेलेली. घरच्यांना आधी चक्कर वाटली आणि त्यात वेळ गेला. मेंदूतली गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची घटका टळून गेली होती. मला बघून मावशींचे डोळे भरले. बोलायचा प्रयत्न केला, घशातून नुसता घरघर आवाज आला. तूप वाढता वाढता बोचरं बोलणारी ही बाई आता कधीच बोलणार नाही की काय, या विचाराने मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

आमचे सर तेव्हा काही रुग्णांना, घरच्यांच्या संमतीने, नेहमीच्या औषधांच्या जोडीला एक नवा उपचार देऊन बघत होते. ब्लडप्रेशर मोजतात तसली पट्टी धडधाकट हाताला बांधायची. यंत्र ती फुगवून पाच मिनिटं हाताचं रक्त थांबवतं, मग सोडतं, पुन्हा थांबवतं. हाताच्या त्या थोडक्या उपासमारीतून शरीर काही शिकतं आणि लांबच्या मेंदूला जपतं, असा कयास. कुठे फायदा दिसतो, कुठे नाही. खात्रीने कुणीच सांगत नाही. सरांनी कागदावर लिहून दिलं: डावा हात, रोज, चार वेळा.

तो कागद हातात धरून मी कितीतरी वेळ उभी होते.

पट्टी दिसताच मावशींनी डावा हात स्वतःहून पुढे केला. डोक्यावर स्लॅब होता, तिकडे त्यांनी पाहिलंही नाही. पहिली खेप झाली, दुसरी झाली. तिसरीला हात चादरीवर परका होऊन पडला. चौथ्या खेपेला त्यांची बोटं सावकाश वळली आणि मधे जागा ठेवून मिटली, लहान पंजा मावेल एवढी. पाच मिनिटं संपली, यंत्र सुस्कारून सैल झालं. हाताला रंग आला, ऊब आली. मूठ उघडली नाही. रोज असंच व्हायचं. मी कॉटच्या त्या बाजूने जाणं टाळू लागले.

तिसऱ्या आठवड्यात शब्द फुटले. उपचाराने की आपसूक, मला माहीत नाही. तोंड वाकडं करत, अडखळत त्या बोलल्या, "यंत्रानं सोडलं. मी न्हाई सोडलं. तरी ती... धरूनच व्हती." मग म्हणाल्या, "म्हंजी तवा... मीच सोडला व्हता, पोरी."

मी त्यांना समजावलं. बधिर हाताला कळत नाही, त्यात तुमचा दोष नाही, हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. इतका निवांत चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता.

घरी सोडायच्या दिवशी त्या काठी न घेता उभ्या राहिल्या. भाचा खाली गाडी आणायला गेला. उजवा पाय अजून ओढत होता, म्हणून आधार द्यायला मी सहज त्यांचा डावा हात धरायला गेले. त्यांनी तो चटकन मागे घेतला.

"तिकडून नगं," मावशी म्हणाल्या. "इकडून धर. तिचा हात आता मी न्हाई सोडायची."

मी वळसा घालून त्यांचा लुळा हात धरला. लिफ्ट आली. आत जाताना त्या जरा थांबल्या, डावीकडे बघून कुणाला तरी आधी आत जाऊ दिलं, मग स्वतः शिरल्या. मी भिंतीला चिकटून उभी राहिले. तेवढी जागा सोडणं भाग होतं.